एम फॉर मुंगूस

२०२५ चा उन्हाळा आपल्या महाराष्ट्रात भाषेच्या भांडणात गेला. १६ एप्रिलला सरकारी निर्णय निघाला, पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवायची. ओरड झाली. १७ जूनला शब्द बदलून दुसरा निर्णय आला. २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याचं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमणार असल्याचं जाहीर झालं. रोज संध्याकाळी टीव्हीवर तावातावाने चर्चा. पण मैत्रिणींनो, त्याच दिवसांत अमरावतीच्या आमच्या महिला मंडळात आणि अकोल्याला माझ्या माहेरच्या गल्लीत बायका काय बोलत होत्या, ठाऊक आहे? "ताई, हिंदी तं पोट्टे कार्टून पाहूनच शिकून ऱ्हायले. इंग्रजीचं काय करू ते सांगा ना."

खरं सांगायचं तर आपल्या वऱ्हाडात हिंदीचं कधी ओझं वाटलंच नाही. बाजारात, एस.टी.त, शेजारपाजारी ती असतेच. पोटात गोळा येतो तो इंग्रजीच्या नावाने. आपल्याकडे इंग्रजी शाळेला अजूनही 'कॉन्व्हेंट'च म्हणतात, मग ती दोन खोल्यांत भरत असो की पत्र्याच्या शेडमध्ये. "पोराले कॉन्व्हेंटात टाकलं" असं सांगताना आईचा चेहरा उजळतो, आणि फीचा हप्ता आठवला की लगेच उतरतो. सोयाबीनचा पहिला चुकारा हाती आला की तो दवाखान्याआधी, किराण्याआधी शाळेत जातो, अशी घरं मला मोजून दाखवता येतील.

नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, लिहिलंय की निदान पाचवीपर्यंत आणि जमलं तर आठवीपर्यंत मुलांना घरच्या भाषेतून शिकवावं. वाचायला छान वाटतं. पण आईला हे पटवणार कोण? तिला वाटतं, हे मोठ्या लोकांनी आपल्या लेकरांना मागे ठेवायला काढलेलं आहे. मी तिला दोष देत नाही. दुकानात, बँकेत, दवाखान्यात ज्याला चार शब्द इंग्रजीचे येतात त्याच्याकडे लोक मान वर करून बघतात, हे ती रोज पाहते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात घोळत राहिली. आपल्या राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० सालच्या जूनमध्ये. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्यावरही तेव्हा केवढा वाद झाला होता! त्या वर्षी पहिलीत बसलेल्या मुली आता तिशी ओलांडलेल्या आहेत. म्हणजे आज नर्सरीच्या दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या आया त्याच. पहिली ते दहावी, दहा वर्षं त्यांनी इंग्रजी शिकलं. आणि माझ्यापुढे बसून त्या म्हणतात, "अवो ताई, मले कुठं येते? एबीशीडी येते, नावं येतात, पन वाक्य नाई जमत."

ही काही त्यांची एकट्यांची गोष्ट नाही. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल दरवेळी खेड्यांतल्या घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतो. २०१६ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या २४.७ टक्के मुलांना साधं इंग्रजी वाक्य वाचता येत होतं. २०२२ मध्ये तो आकडा होता २४.५. सहा वर्षांत गल्लोगल्ली कॉन्व्हेंटं निघाली, फोनिक्सचे क्लास निघाले, मोबाइलवर अक्षरं नाचायला लागली, आणि चारांतला जेमतेम एक मुलगा वाक्य वाचतो, हे तसंच राहिलं.

असं का होतं? शिक्षणतज्ज्ञ काय सांगायचं ते सांगोत, मला घराघरांत दिसतं ते सांगते. भिंतीवर तक्ता लटकलेला असतो. ए फॉर ॲपल, आय फॉर इग्लू, एक्स फॉर झायलोफोन, वाय फॉर याक, झेड फॉर झेब्रा. आता बघा, अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरमध्ये पाणी टिकत नाही, आणि आपलं लेकरू घामेजून म्हणतंय, आय फॉर इग्लू! त्याने इग्लू पाहिला नाही, आईने पाहिला नाही, मॅडमनेही नाही. त्यावर बोलण्यासारखं कोणाजवळच काही नाही. म्हणून शब्द नुसता तोंडात राहतो, त्याचं वाक्य होत नाही. पाहुणे आले की 'म्हणून दाखव' म्हटल्यावर तो बाहेर येतो आणि पाहुणे गेले की संपतो.

ताराबाई मोडकांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. लग्नानंतर काही काळ त्या आपल्या अमरावतीतच राहत होत्या, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुढे त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाड्या चालवल्या. महागडी मांटेसरी साधनं परवडत नाहीत म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे अशी मुलांच्या हाताशी असलेली साधनं घेतली. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ही गोष्ट एम.ए. करताना नव्हे, तर खूप पुढे वस्तीत काम करायला लागल्यावर माझ्या डोक्यात शिरली. इंग्रजीही असंच हाताशी असलेल्या गोष्टींतून का नको?

म्हणून गेली दोन वर्षं आम्ही काही जणी मिळून घरच्या घरी एक उद्योग करतो. तीन ते सात वर्षांची मुलं, त्यांच्या आया, कधी आजी. महिन्याला एक प्राणी किंवा पक्षी. अट एकच, तो आपल्या भागातला असावा आणि संकटात असावा. तुम्ही म्हणाल, संकटातलाच कशाला? गाय, कुत्रा, मांजर नाही का? आहेत की, ते शिकतातच मुलं. पण 'धिस इज अ काऊ' म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही. आणि 'हा पक्षी आधी खूप होता, आता नाही' म्हटलं की चार वर्षांचं पोर ताबडतोब विचारतं, "कुठं गेला?" तिथून बोलणं सुरू होतं. भाषेला हेच तर लागतं, कोणाला तरी काहीतरी खरोखर विचारायचं असणं.

गिधाडाचं उदाहरण घ्या. आमच्यातल्या एक आजी दर्यापूरकडच्या. त्यांना गावाबाहेरची मेलेली ढोरं टाकायची जागा आठवते, त्यावर उतरणारी गिधाडं आठवतात, त्यांच्या पंखांचा आवाजसुद्धा. त्यांच्या सुनेला अंधुक आठवतं. नातवाने गिधाड पाहिलेलंच नाही. मधल्या काळात काय झालं? जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध देऊ लागले. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव गेली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, पण गेलेली गिधाडं एका बंदीने परत येत नाहीत.

आता हे मुलाला इंग्रजीत कसं सांगायचं? आजी वऱ्हाडीत सांगते, आई दोन वाक्यांत मांडते. देअर वेअर मेनी व्हल्चर्स. नाऊ देअर आर फ्यू. झालं! 'वेअर' आणि 'आर', 'मेनी' आणि 'फ्यू'. व्याकरणाच्या पुस्तकात भूतकाळ-वर्तमानकाळ करत आपण दोन-दोन वर्षं घालवली, ते इथे आजीच्या आठवणीत आणि नातवाच्या न पाहण्यात आपोआप येऊन बसलं. ज्या आईला वाक्य जमत नव्हतं तिने त्या संध्याकाळी स्वतःहून तिसरं जोडलं, व्हाय? आणि मग सगळ्या मिळून औषध, ढोर, गिधाड हे इंग्रजीत बसवत बसलो. मेडिसिन, काऊ, व्हल्चर. तोडकंमोडकं होतं. पण अर्थ सगळ्यांना कळला, पोरालाही.

दुसरा आमचा लाडका, रानपिंगळा. पिंगळा म्हटलं की आपल्या बायका आधी कानावर हात ठेवतात. घुबडाची जात, अपशकुनी! पण या रानपिंगळ्याची हकिगत ऐकली की भीती जाते. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच सापडला नाही. संपला असंच पक्षितज्ज्ञ धरून चालले होते. एका इंग्रज साहेबाने १९१४ मध्ये मिळवल्याचं सांगितलेला नमुना तर चक्क चोरलेला निघाला, जुनाच पक्षी नवी तारीख लावून ठेवलेला. मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना तो पुन्हा दिसला, आणि दिसला कुठे? आपल्याच महाराष्ट्रात, शहाद्याजवळ. पुढे आपल्या मेळघाटातही तो चांगल्या संख्येने असल्याचं कळलं. जगात हा पक्षी फक्त मध्य भारतातल्या काही जंगलांत आहे, आणि त्यांतलं एक आपल्या परतवाड्याच्या पलीकडे. बाई शोधायला अमेरिकेतून आली, हे ऐकून मुलींचे डोळे केवढे मोठे होतात!

इंग्रजीत त्याला म्हणतात फॉरेस्ट आउलेट. आउल म्हणजे घुबड, आउलेट म्हणजे छोटं घुबड. पिग आणि पिगलेट, बुक आणि बुकलेट. आपण नाही का घागरीची घागरली आणि वाटीची वाटकुली करत, तसंच. पिंगळा दिवसाही शिकार करतो, शेपटी हलवतो, डोकं गोल फिरवतो. मग मुलं फिरवतात. टर्न युवर हेड. मूव्ह युवर टेल. शेपटी म्हणून ओढणी खोचलेली असते. कणकेचा पिंगळा करून त्याला मसुराचे डोळे लावतो. याला खर्च काय? काही नाही.

तणमोराबद्दल मला स्वतःला उशिरा कळलं. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात हा कोंबडीएवढा पक्षी येतो आणि नर गवतातून उंच उडी मारतो, एकदा नव्हे, दिवसातून शेकडो वेळा, मादीचं लक्ष जावं म्हणून. (आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी एकदा तरी मारली असती!") जगातल्या अत्यंत धोक्यात असलेल्या पक्ष्यांत त्याची गणना होते. माळ नांगरले गेले, गवताचं सोयाबीन झालं, म्हणून तो कधीकधी सोयाबीनच्या शेतातही दिसतो. आपल्या भागात फासेपारधी समाजाच्या लोकांना सोबत घेऊन तो राखण्याचं काम झालं आहे. ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकारी आणि आणखी वाईट काय काय म्हणून गावाबाहेर ठेवलं, त्यांच्याइतकी त्या पक्ष्याची घरटी ओळखणारं दुसरं कोण आहे? हे मी मुलांपेक्षा आयांना जास्त वेळा सांगते. मुलांना त्या दिवशी फक्त 'जंप' हवं असतं. कॅन यू जंप लाइक अ फ्लोरिकन? पलंग मोडायचा बाकी राहतो.

खवल्या मांजर शिकवायचं तर सीताफळ हातात द्यावं. अंगभर तशीच खवलं. ती खवलं आपल्या नखांच्याच पदार्थाची असतात आणि त्यांत औषधी गुण आहेत या भ्रमापायी त्याची जगभर चोरटी शिकार होते. भीती वाटली की ते अंगाचा चेंडू करतं. त्याचं इंग्रजी नाव पँगोलिन हे मलाय भाषेतल्या 'गुंडाळून घेणारा' अशा शब्दावरून आलं आहे. म्हणजे इंग्रजांनाही त्याचं नाव दुसऱ्याकडून उसनं घ्यावं लागलं.

हे उसनं घेण्याचं प्रकरण मात्र बायकांना फार आवडलं. इंग्रजीत सांबराला सांबर म्हणतात, चितळाला चितळ, नीलगायीला नीलगाय, जंगलाला जंगल. चीता हा शब्द इथूनच गेला. आणि मुंगूस? इंग्रजी 'मंगूस' हा आपल्या मराठी मुंगुसावरूनच गेलेला आहे, इंग्रजीच्या शब्दकोशांत तसं लिहिलेलं आहे. हे सांगितलं तेव्हा मागे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "मायबाई! म्हंजे थे आपलंच शिकून ऱ्हायले होते, अन् आपन लाजून ऱ्हायलो!" त्या दिवसापासून आमच्या तक्त्यावर एम फॉर मँगो नाही, एम फॉर मुंगूस आहे. मुंगूस तसं दुर्मीळ नाही, पण चित्रकलेच्या ब्रशांसाठी त्याच्या केसांपायी हजारोंनी मारलं जातं. असे ब्रश विकायला कायद्याने मनाई आहे. शाळा सुरू होताना रंगपेटी घेतली तर दुकानदाराला एवढं नक्की विचारा.

आता एक अडचणीचा भाग सांगायलाच हवा. 'सेव्ह टायगर' हे दोन शब्द मुलं कुठूनही शिकून येतात. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला, २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ धरले गेले, याचा मलाही अभिमान आहे. पण त्याच मेळघाटातून वाघासाठी जागा मोकळी करायला कोरकूंची गावं उठवून अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हाऱ्याकडे आणून वसवली. पैशाचं पॅकेज मिळालं, पण जमीन, पाणी, रोजगार यांच्या तक्रारी राहिल्या. लोक पुन्हा जंगलात परत गेले आणि २०१९ च्या जानेवारीत तिथे पोलीस, वनकर्मचारी आणि गावकरी यांच्यात मोठा संघर्ष झाला, हे पेपरांत आलं होतं.

अशा एका वस्तीवर आम्ही आमची चित्रं घेऊन गेलो. वाघाचं चित्र वर धरलं. अमरावतीची पोरं अशा वेळी एका सुरात "टायगर" ओरडतात. इथे सगळी गप्प. मग एका मुलीने हळूच सांगितलं, "कुला." कोरकूत वाघाला कुला म्हणतात, आणि आदराने कुला मामा. मराठी कानाला तो शब्द भलताच वाटतो, आमच्या दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. पण त्या मुलीची आजी हसली नाही. तिने सांगितलं की मामा कुठे पाणी प्यायचा, त्याची चाहूल आधी कोणाला लागायची. घरात कोरकू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, पुस्तकात इंग्रजी. चार भाषांच्या पायऱ्या चढणाऱ्या या पोरीला आपण 'सेव्ह टायगर' म्हणायला शिकवायचं, ज्या वाघापायी तिचं घर गेलं? माझ्याने ते झालं नाही. आम्ही वाक्य बदललं. द टायगर लिव्हज इन द फॉरेस्ट. वी लिव्हड इन द फॉरेस्ट टू. मुलीने ते दोन्ही म्हटलं, दुसरं जरा मोठ्याने.

टीकाही ऐकावी लागते. एका शाळेच्या मॅडम म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे, पण प्रवेशाच्या वेळी मुलाला रंग, फळं आणि शरीराचे भाग विचारतात, तणमोर कोण विचारतं?" खरं आहे. म्हणून रंग आणि अवयव आम्ही पिंगळ्यावरच शिकवतो. यलो आइज, ब्राऊन विंग्ज, टू लेग्ज. फळंही येतात, कारण हरियाल पक्षी वडाउंबराची फळं खातो आणि तो तर आपला राज्यपक्षी. उच्चारांची भीती म्हणाल, तर मोबाइलवर शब्द ऐकून घ्यायचा, दोनदा म्हणायचा आणि फोन फडताळात ठेवायचा. आईचा उच्चार थोडा वाकडा असला तरी चालतो. लेकरू वाकडा उच्चार पुढे सरळ करून घेतं, पण जे कोणी त्याच्याशी बोललंच नाही ते सरळ कुठून करणार?

आणि मराठी शब्द आधी, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर मेळघाट-नवेगावच्या जंगलांतून शब्द गोळा केले, कावळ्यांच्या वसतीला काकागार, बगळ्यांच्या वसतीला सारंगागार असे शब्द मराठीला दिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. तो शब्दसाठा आपल्या पोरांपर्यंत पोचायच्या आत 'बर्ड' या एका शब्दात संपून जावा, हे मला सहन होत नाही. ज्याला पिंगळा, घुबड आणि हुमा यांतला फरक मराठीत कळतो, त्याला आउल आणि आउलेट कळायला पाच मिनिटं लागतात. उलटं मात्र होताना मी पाहिलेलं नाही.

ज्यांना घरी सुरू करायचं आहे त्यांनी फार तयारी करू नये. पेपरातली जंगलाची चित्रं कापून ठेवा. जुनी कॅलेंडरं टाकू नका. आजीला बोलतं करा. रोज वीस मिनिटं पुरतात, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतसुद्धा चालतं. आठवड्याला पाच वाक्यं झाली तरी खूप.

या महिन्यात मुलांनी स्वतःच प्राणी निवडला, मेळघाटातला रानकुत्रा. तोही धोक्यात आहे, टोळीने राहतो आणि भुंकण्याऐवजी शीळ घालतो. त्याचं इंग्रजी नाव ढोल आहे असं सांगितलं मात्र, आणि स्वयंपाकघरातली सगळी पातेली बाहेर आली. त्या दिवशी पुढचं वाक्य शिकवायचं राहूनच गेलं.